दात म्हणजे गाव, लावा म्हणजे न्यायाधीश!
(चित्रांनी नावे लिहिणाऱ्या आझ्टेक लेखनिकांची गोष्ट)

एक कागद व पेन्सिल घ्या. आता अशी कल्पना करा की तुम्हाला एकही अक्षर ठाऊक नाही. 'अ' नाही, 'आ' नाही, काना-मात्रा-वेलांटी काही नाही. तुम्हाला फक्त चित्रे काढता येतात. अशा स्थितीत 'वाघमारे' हे आडनाव तुम्ही कसे लिहाल?

हे फारसे अवघड नाही. एक वाघ काढायचा आणि त्याच्यावर काठी उगारलेला हात काढायचा. पाहणारा म्हणेल, "वाघ, मार... वाघमारे!" येथे चित्राने नावाचा अर्थ दाखवला.

आता 'नागपूर' लिहून पाहा. 'नाग' सोपा आहे, फणा काढला की झाले. पण 'पूर' म्हणजे नगर. ते कसे दाखवणार? चार घरे काढली तर पाहणारा 'नागवाडी' म्हणेल किंवा 'नागाव' म्हणेल. येथे एखादा चतुर विद्यार्थी निराळीच युक्ती करील. तो नागाखाली फेसाळत वाहणारे पाणी काढील. नाग आणि पूर! नदीला येणाऱ्या पुराचा आणि नगराचा अर्थाने काहीच संबंध नाही, पण दोन्ही शब्दांचा उच्चार एकच आहे. पाण्याचे चित्र येथे पाणी दाखवत नाही, तर 'पूर' हा आवाज दाखवते.

या दोन युक्त्या वरवर सारख्या दिसतात, पण त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली चित्रकला आहे. दुसरीत मात्र लेखनाची सुरुवात आहे. हा फरक नीट समजावून घ्यायचा असेल, तर आपल्याला अटलांटिक महासागर ओलांडून मेक्सिकोत जावे लागेल. पाचशे वर्षांपूर्वी तेथले लेखनिक या दोन्ही युक्त्या वापरून माणसांची नावे लिहीत होते.

सरोवरातले नगर

मेक्सिकोच्या मध्यभागी, समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर एक विस्तीर्ण खोरे आहे. तेथे पूर्वी तेश्कोको नावाचे सरोवर होते. त्या सरोवरातल्या एका बेटावर मेशीका लोकांनी तेनोच्तित्लान हे नगर वसवले. परंपरेप्रमाणे ही घटना इ. स. १३२५ मधली. या लोकांना आणि त्यांच्या शेजाऱ्यांना आपण आज 'आझ्टेक' म्हणतो. त्यांची भाषा नाहुआत्ल. १३ ऑगस्ट १५२१ रोजी हे नगर एर्नान कोर्तेस या स्पॅनिश सेनानीच्या हाती पडले. आजचे मेक्सिको शहर त्याच जागेवर उभे आहे.

राज्य गेले, पण भाषा गेली नाही. मेक्सिकोच्या २०२० सालच्या जनगणनेप्रमाणे सुमारे साडेसोळा लाख लोक नाहुआत्ल बोलतात. तिचा एखादा शब्द तर तुम्हीही रोज बोलता. आपला 'टोमॅटो' हा मूळचा नाहुआत्ल 'तोमात्ल'!

या लोकांच्यात 'त्लाकुइलो' नावाचा एक मानाचा व्यवसाय होता. त्लाकुइलो म्हणजे लेखनिक आणि चित्रकार, दोन्ही एकच. वड-उंबराच्या कुळातल्या झाडांची आतली साल भिजवून व ठेचून ते 'आमात्ल' नावाचा कागद बनवीत. काळ्या शाईने रेषा काढीत आणि मग रंग भरीत. 'काळा आणि तांबडा' हे दोन शब्द जोडून म्हटले की नाहुआत्लमध्ये त्याचा अर्थ लेखन किंवा विद्या असा होई. खंडणीचे हिशेब, जमिनीचे नकाशे, राजांचे इतिहास, पंचांगे असे सर्व काही या कागदांवर उतरे.

स्पॅनिश विजयानंतरही हे लेखनिक दोन-तीन पिढ्या काम करीत राहिले. विजयापूर्वीच्या बहुतेक पोथ्या नष्ट झाल्या. आज आपण पाहतो त्यांतल्या बहुतेक विजयानंतरच्या आहेत. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध म्हणजे १५४० च्या सुमारास तयार झालेली मेंदोसा पोथी. स्पेनच्या राजाचा मेक्सिकोतला प्रतिनिधी (व्हाइसरॉय) आंतोनिओ दे मेंदोसा याच्या नावाने ती ओळखली जाते. हातोहात फिरत फिरत ती १६५९ मध्ये ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात पोहोचली आणि आजही तेथेच आहे. तिच्यात चित्रांच्या शेजारी रोमन अक्षरांत नावेही लिहिलेली आहेत. अभ्यासकांना हा केवढा आधार! चित्र आणि त्याचे वाचन एकाच पानावर!

डोक्याला जोडलेली रेघ

आता मेंदोसा पोथीतली राजांची पाने डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक पानावर एक राजा चटईवर बसला आहे. सगळे राजे दिसायला जवळजवळ सारखे. चेहऱ्यावरून कोणाला ओळखावे म्हणाल तर ते अशक्यच. पण प्रत्येकाच्या डोक्यामागून एक बारीक रेघ निघते व एका लहानशा चित्राला जाऊन मिळते. ते चित्र म्हणजे त्याचे नाव.

पहिल्या राजाजवळ बोरूंची मोळी घट्ट धरलेला हात आहे. त्याचे नाव आकामापिच्त्ली, म्हणजे 'मूठभर बोरू'. दुसऱ्याजवळ हमिंगबर्ड हा चिमुकला पक्षी आणि पिसे आहेत. तो वित्सिलीवित्ल, 'हमिंगबर्डचे पीस'. तिसऱ्याजवळ एक ढाल असून तिच्यातून धुराची वलये निघताहेत. तो चिमालपोपोका, 'धुमसती ढाल'. चौथ्याजवळचा साप साधासुधा नाही. त्याच्या पाठीवर काळ्या धारदार पात्यांची ओळ आहे. ही पाती ऑब्सिडियनची, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या नैसर्गिक काचेची. या राजाचे नाव इत्स्कोआत्ल, 'ऑब्सिडियनचा साप'. त्याने १४२७ ते १४४० पर्यंत राज्य केले. त्याची पुढे पुन्हा गाठ पडणार आहे, तेव्हा हे नाव लक्षात ठेवा.

पाचवा राजा इल्वीकामिना, म्हणजे 'आकाशाला बाण मारणारा'. त्याच्या नावाच्या चित्रात आकाशाचा एक पट्टा असून त्यात बाण रुतला आहे. सहावा आशायाकात्ल, 'पाणी-चेहरा'. त्याच्या चित्रात चेहऱ्यावरून पाणी ओघळते. शेवटचा राजा क्वाउतेमोक, 'खाली झेपावलेला गरुड'. त्याचे नाव लिहिताना गरुड डोके खाली करून काढत. काही पोथ्यांत 'उतरणे' दाखवण्यासाठी गरुडाजवळ खाली उतरत जाणारी पावलेही काढलेली असतात.

इथपर्यंत सगळी 'वाघमारे' युक्ती झाली. नावाला अर्थ आहे आणि चित्र तो अर्थ दाखवते. नाहुआत्ल नावे बहुधा अशी अर्थपूर्ण असत, त्यामुळे लेखनिकाचे काम सोपे होई.

दात, झाड आणि रॅकून

पण सगळीच नावे अशी सरळ नसतात. आपल्याकडची पेणकर, वाईकर ही आडनावे घ्या. त्यांतला 'कर' कसा काढाल? नागपूरची युक्ती आठवा. 'कर' म्हणजे हात. झाले! आडनावाच्या शेवटी एक हात काढला की 'कर' वाचता येईल. आडनावातल्या 'कर'चा हाताशी काही संबंध नाही, पण उच्चार जुळतो.

आझ्टेक लेखनिकांनी नेमके हेच केले. ते समजण्यासाठी त्यांच्या भाषेची एक खोड माहीत हवी. नाहुआत्ल नामांच्या शेवटी बहुधा 'त्ल', 'त्ली', 'ली' असा एक प्रत्यय असतो. तो शब्द दुसऱ्या शब्दाला जोडला की हा प्रत्यय गळून पडतो. 'तेत्ल' म्हणजे दगड, पण जोडताना उरतो फक्त 'ते'. 'आत्ल' म्हणजे पाणी, उरतो 'आ'. 'माइत्ल' म्हणजे हात, उरतो 'मा'. 'पान्त्ली' म्हणजे निशाण, उरतो 'पान'. अशा रीतीने प्रत्येक चित्रातून एक छोटासा, सुटसुटीत आवाज हाती येतो.

आता नाहुआत्लमधल्या कितीतरी गावांच्या नावांच्या शेवटी 'त्लान' येते. त्याचा अर्थ 'च्या जवळ' किंवा 'च्या ठिकाणी'. 'जवळ'चे चित्र कसे काढणार? पण दाताला म्हणतात 'त्लान्त्ली'. प्रत्यय गळला की उरते 'त्लान'. म्हणून कोआत्लान, म्हणजे 'सापांचे ठिकाण', हे नाव लिहिताना साप काढायचा आणि त्याला दात जोडायचे. हे दात सापाचे नव्हेत बरे का! ते माणसाचे दात असतात, हिरड्यांसकट! झाडाला दात, जाळ्याला दात अशी विचित्र चित्रे या पोथ्यांत जागोजागी भेटतात. प्रत्येक वेळी वाचायचे मात्र 'त्लान'.

याहूनही गमतीचे उदाहरण क्वाउनावाक या गावाचे. अर्थ 'झाडीजवळ'. येथे शेवटी 'नावाक' आहे, म्हणजे पुन्हा 'जवळ'. लेखनिकाने काय केले? स्पष्ट, ऐकायला गोड अशा आवाजाला 'नावात्ल' म्हणतात. भाषेचे नावही त्याच शब्दावरून आले. म्हणून त्याने झाड काढले, त्याच्या खोडाला तोंड काढले आणि तोंडातून बोलण्याची वेलांटी बाहेर काढली. बोलणारे झाड! स्पॅनिश लोकांनी हे नाव कानाला जवळच्या अशा शब्दांत ऐकले आणि 'क्वेर्नाव्हाका' केले. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'गाईचे शिंग'! आजही त्या शहराचे हेच नाव आहे.

आणि मापाच्तेपेक? अर्थ 'रॅकूनची टेकडी'. 'मापाच' म्हणजे रॅकून हा प्राणी. त्याचे चित्र काढणे काही कठीण नव्हते. पण मेंदोसा पोथीच्या लेखनिकाने रॅकून काढलाच नाही. त्याने टेकडीवर एक हात काढला व त्याच्या मुठीत झाडांवरून जटांसारखी लोंबणारी 'पाच्त्ली' ही वनस्पती दिली. हात 'मा', वनस्पती 'पाच', मिळून 'मापाच'. नुसत्या चित्राकडे पाहून रॅकून कोणालाही सुचणार नाही. नाहुआत्ल येत असेल तरच ते वाचता येते. येथे चित्र डोळ्यांसाठी उरले नाही, ते कानांसाठी झाले.

एक नाव, दोन रीती

आता आपल्या इत्स्कोआत्लकडे परत येऊ. मेंदोसा पोथीत त्याचे नाव ऑब्सिडियनच्या पात्यांचा साप काढून लिहिले आहे. पण पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात वेर्गारा पोथी नावाची एक जुनी नोंदवही आहे. तिच्यात हेच नाव असलेल्या एका साध्या माणसाची नोंद आहे, आणि तेथे साप नाहीच! तेथे तीन चित्रे आहेत. ऑब्सिडियनचे टोक असलेले शस्त्र, मडके आणि पाणी.

कोडे सोडवा पाहू. ऑब्सिडियन म्हणजे 'इत्स्त्ली', त्यातून 'इत्स'. मडके म्हणजे 'कोमित्ल', त्यातून 'को'. पाणी म्हणजे 'आत्ल', त्यातून 'आ'. इत्स-को-आ! शेवटचा 'त्ल' वाचणाऱ्याने आपणच लावून घ्यायचा. मडक्याचा आणि पाण्याचा सापाशी सुतराम संबंध नाही. तेथे फक्त आवाज लिहिले आहेत.

जोझेफ ओबँ हा फ्रेंच संशोधक मेक्सिकोत दहा वर्षे राहून आला होता. त्याने १८४९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात या जोडीकडे जगाचे लक्ष वेधले. एकच नाव एकदा अर्थाने आणि एकदा आवाजाने लिहिलेले सापडणे हा बिनतोड पुरावा होता. या लेखनिकांना आवाज लिहिण्याची कला अवगत होती, हे त्यावरून सिद्ध झाले.

नाव ठेवले कसे जाई?

आझ्टेक मुलांची नावे ठेवण्याची एक पद्धत पंचांगावर आधारलेली होती. त्यांच्या पंचांगात मगर, वारा, घर, सरडा, साप, हरिण, ससा, गरुड, फूल अशी २० दिवसचिन्हे होती आणि १ ते १३ हे आकडे होते. दोन्ही चक्रे बरोबरच फिरत. १ मगर, २ वारा, ३ घर असे जात जात १३ आकडे संपले की चौदाव्या चिन्हाबरोबर पुन्हा १ येई. आता गणिताच्या तासाला शिकलेले आठवा. १३ आणि २० यांचा लघुतम साधारण विभाज्य किती? २६०. म्हणून २६० दिवसांनी तीच जोडी पुन्हा येई. जन्मदिवसाची जोडी हेच पुष्कळदा मुलाचे नाव होई. 'सात फूल' हे नाव लिहायला सात ठिपके आणि एक फूल काढले की पुरे.

मेंदोसा पोथीत बारशाचेही एक चित्र आहे. जन्मानंतर चार दिवसांनी सुईण बाळाला अंगणात नेऊन स्नान घालते. जवळच तीन लहान मुले भाजलेला मका व शिजवलेल्या घेवड्याचा खाऊ खात बसलेली असतात. ती बाळाचे नाव मोठ्याने पुकारतात. म्हणजे नाव आधी ऐकू येई, कागदावर नंतर उतरे.

मुलींची नावे मात्र पुष्कळदा फार साधी असत. स्पॅनिश अमलाच्या सुरुवातीच्या काळातल्या नाहुआत्ल जनगणना उपलब्ध आहेत. त्यांत तेयाकापान, त्लाको, तेइकु, शोको ही स्त्रियांची नावे पुन्हापुन्हा येतात. त्यांचे अर्थ थोरली, मधली, तिच्या पाठची आणि शेंडेफळ! एकाच गावात कितीतरी 'मधल्या' नांदत असणार.

परक्या नावांची पंचाईत

स्पॅनिश लोक आले आणि लेखनिकांपुढे नवाच प्रश्न उभा राहिला. मेंदोसा, सोरिता, वेलास्को या नावांना नाहुआत्लमध्ये काहीच अर्थ नव्हता. अर्थ नसला की 'वाघमारे' युक्ती बंद पडते. त्यातून नाहुआत्लमध्ये 'र', 'द', 'ब', 'ग', 'फ' हे ध्वनीच नाहीत.

एक तोड म्हणजे टोपणनाव. पेद्रो दे आल्व्हारादो या पिंगट केसांच्या क्रूर सरदाराला लोक 'तोनातिउ' म्हणत, म्हणजे सूर्य. तो १५४१ साली मेला. त्याच्या मृत्यूची नोंद करताना लेखनिकाने प्रेताशेजारी सूर्य काढून ठेवला.

दुसरी तोड आवाजाची. मेंदोसाचे नाव लिहायला लेखनिकाने घायपात काढले व त्याला गोफर हा बिळात राहणारा उंदराच्या जातीचा प्राणी जोडला. घायपात म्हणजे 'मेत्ल', त्यातून 'मे'. गोफर म्हणजे 'तोसान'. मे-तोसा... मेंदोसा! उच्चार तंतोतंत नाही, पण ओळख पटते. न्यायाधीश आलोन्सो दे सोरिता याच्या नावासाठी लावा पक्ष्याचे डोके काढले. लाव्याला 'सोलिन' म्हणतात आणि 'र' नसल्यामुळे 'सोरि'च्या जागी 'सोलि' चालून गेले. ख्रिस्ती प्रार्थना पाठ करतानाही हीच युक्ती कामी आली. 'पातेर नोस्तेर' या लॅटिन शब्दांसाठी निशाण ('पान') आणि निवडुंगाचे बोंड ('नोच') काढत, असे त्या काळच्या धर्मोपदेशकांनी लिहून ठेवले आहे.

नाव चुकले तर?

तुम्ही म्हणाल, कोडी म्हणून हे सगळे छान आहे, पण एवढा खटाटोप कशासाठी? त्याचे उत्तर या कागदांच्या उपयोगात आहे.

ज्या वेर्गारा पोथीत मडके-पाण्याचा इत्स्कोआत्ल सापडतो, ती तेपेतलाओस्तोक या भागातल्या शेतकऱ्यांची नोंदवही आहे. घराघरांतली माणसे तिच्यात मांडली आहेत. कुटुंबप्रमुखाच्या डोक्याला त्याचे नाव जोडले आहे. पुढे त्याच्या प्रत्येक शेताची आकृती, बाजूंची लांबी आणि क्षेत्रफळसुद्धा दिलेले आहे. ही क्षेत्रफळे काढण्याच्या पद्धतींवर २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात शोधनिबंध आला होता. आपल्याकडचा सात-बाराचा उतारा तुम्ही पाहिला असेल. त्यात नाव चुकले तर काय गोंधळ होतो, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. नाव हाच जमीन आणि माणूस यांना बांधणारा दोर असतो.

वेशोत्सिन्को या गावाचेही उदाहरण पाहा. या गावाचे नाव लिहायला वाळुंजाचे झाड काढत आणि त्याला माणसाच्या कमरेखालचा मागचा भाग जोडत. त्या भागाचे नाव 'त्सिन्त्ली', आणि 'त्सिन' हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय. हसू नका! या गावकऱ्यांवर स्पॅनिश अधिकाऱ्यांनी अवाच्या सवा खंडणी लादली, तेव्हा १५३१ साली झालेल्या खटल्यात पुरावा म्हणून चित्रांचे आठ कागद दाखल झाले. काय काय नेले आणि किती नेले, ते त्यांत मांडलेले होते. निशाण म्हणजे २०, केसांसारखे चिन्ह म्हणजे ४००, पिशवी म्हणजे ८०००. (हिशेबात निशाण २०, आणि नावात तेच निशाण 'पान', हेही ध्यानात घ्या.) १५३८ साली स्पेनच्या राजाने गावकऱ्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि दोन-तृतीयांश खंडणी परत करण्याचा हुकूम केला. चित्रे न्यायालयात उभी राहिली आणि जिंकली! ते कागद आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत.

याच गावाची १५६० सालची दुसरी एक नोंदवही पॅरिसमध्ये आहे. तिच्यात पानेच्या पाने माणसांची डोकी आहेत, आणि प्रत्येक डोक्याजवळ त्याच्या नावाचे चित्र. हजारो नावे! राजांची नव्हेत, तर शेतकऱ्यांची, सुतारांची, चित्रकारांची. एरवी इतिहासात ज्यांची नावे कधीच उरत नाहीत, अशी ही माणसे आहेत.

हे लेखन म्हणावे काय?

या प्रश्नावर आजही विद्वानांत एकमत नाही. अमेरिकन अभ्यासक एलिझाबेथ हिल बून म्हणतात की, या पोथ्यांचा कणा चित्रे हाच आहे. त्या शब्दांवाचून बोलतात, आणि वर्णमालेच्या फूटपट्टीने त्यांना कमी लेखणे बरोबर नाही. उलट स्पॅनिश अभ्यासक आल्फोन्सो लाकादेना यांनी २००८ साली दाखवून दिले की, या चिन्हांत 'को', 'आ', 'ते', 'मा' अशा अक्षरचिन्हांची एक व्यवस्थित मालिका आहे. तेश्कोको भागातले लेखनिक तिचा सढळ वापर करीत. म्हणून ही खरीखुरी लिपीच होय, असे त्यांचे मत.

दोन्ही बाजू एका गोष्टीवर मात्र सहमत होतील. 'राजाने गाव जिंकले' ही गोष्ट चित्राने सांगता येते. पेटलेले मंदिर काढले की कोणत्याही भाषेचा माणूस ती समजेल. पण कोणत्या राजाने, आणि कोणते गाव? तेथे नुसते चित्र थबकते. माणसे सगळी सारखी दिसतात. टेकड्याही सारख्याच दिसतात. वेगळे असते ते नाव, आणि नाव हा मुळात एक आवाज आहे. त्यामुळे चित्राला तेथे आवाज धारण करावाच लागतो.

हे केवळ मेक्सिकोतच घडले असे नाही. इजिप्तमध्ये इ. स. पूर्व सुमारे ३१०० च्या एका शिलापट्टावर नार्मेर राजाचे नाव आहे. ते 'नार' हा मासा व 'मेर' ही छिन्नी यांची चित्रे जोडून लिहिलेले आहे. 'नागपूर' युक्तीच ती! पुढे फ्रेंच पंडित शाँपोलियाँ याने १८२२ मध्ये त्या लिपीचे कुलूप उघडले, तेही टॉलेमी व क्लिओपात्रा या नावांच्या किल्लीने. मेक्सिको आणि इजिप्त यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नव्हता. गरज सारखी होती, म्हणून युक्तीही सारखीच सुचली.

आता तुमची पाळी

आपल्या वर्गातल्या दहा मुलांची नावे चित्रांनी लिहून पाहा. 'मीनाक्षी', 'कमल', 'चंद्रकांत' यांत अर्थ कितपत चालतो आणि आवाज कोठे घ्यावा लागतो, याची नोंद करा. मग तो कागद दुसऱ्या वर्गाला वाचायला द्या. शिक्षकांनी एखादे परके नाव घालावे, 'रॉबर्ट' किंवा 'ओलेग'. म्हणजे सोरिताचे नाव लिहिताना त्या लेखनिकाला लावा पक्षी का आठवला असेल, ते मुलांना आपोआप कळेल.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. ज्या इत्स्कोआत्ल राजाच्या नावावर आपण एवढा वेळ घालवला, त्याने आपल्या कारकिर्दीत इतिहासाच्या जुन्या पोथ्या जाळून टाकवल्या, असे नाहुआ वृद्धांनीच पुढे स्पॅनिश धर्मगुरूंना सांगितले. शंभर वर्षांनी स्पॅनिश धर्मगुरूंनीही तेच केले. इतक्या जाळपोळीतून जे थोडे कागद वाचले, त्यांत ऑब्सिडियनच्या पात्यांचा साप काढलेला राजा आहे. आणि शस्त्र, मडके व पाणी काढलेला, त्याच नावाचा एक साधा शेतकरीही आहे.